मदत हवी आहे : कर्दळीच्या खडीवाफ्यावर सांडपाणी तुंबतंय

वस्ती ६० घरांची, सुमारे ३०० माणसं. न्हाणी-मोरीचं पाणी रोज अंदाजे १२ हजार लिटर. जमीन काळी, चिकण. शोषखड्डे इथे मुरतच नाहीत, म्हणून ते सुचवू नका.

रचना : जाळी, १२ घनमीटरची दोन कप्प्यांची गाळटाकी, मग २५ × ६ मीटरचा वाफा (खडीत कर्दळ लावलेली, पाणी खडीतून सरकत स्वच्छ होतं). खडी ६० सेंमी, १० ते २० मिमीची, तोंडाशी ४० मिमीची. खडीमधली पोकळी ४० टक्के धरली तर पाणी तीन दिवस आत राहायला हवं. आता पहिल्या तीन मीटरांत ते खडीच्या वर साचतं, वास येतो, डास होतात. शेवटची कर्दळ मात्र सुकतेय.

संशय भांड्यांच्या राखेवर आणि तेलकटपणावर. गाळटाकी वर्षभर उपसलेली नाही, त्यात काही संडासांच्या टाक्यांचं पाणीही गटारात सोडलंय (हे आधी बंद करायचंच आहे).

प्रश्न असे : फक्त तोंडाकडची खडी काढून धुऊन भागेल का? बाहेरच्या टोकाचा एल्बो (वाफ्यातली पाण्याची पातळी ठरवणारा वाकडा पाइप) खाली वळवून पातळी १५ सेंमी उतरवली तर मुळांना त्रास होईल का? आणि तेलसापळा प्रत्येक घरी बसवावा की गाळटाकीआधी एकच मोठा?