१९६६चा अली की १९८८चा टायसन? "तीन फेऱ्यांत निकाल" म्हणणाऱ्यांना उत्तर

गिरणाकाठ :
काल एकाने लिहिलं की ऐन भरातला बॉक्सर माइक टायसन मुहम्मद अलीला तीन फेऱ्यांत झोपवेल, अलीची नुसती तोंडपाटीलकी. डोकंच फिरलं. १९८८ला स्पिंक्सला ९१ सेकंदांत लोळवलं, हेच ना भांडवल? स्पिंक्स खालच्या वजनगटातून वर आलेला, रिंगमध्ये येतानाच चेहरा उतरलेला. अलीने १९७४ला किन्शासात फोरमनचा मारा सात फेऱ्या अंगावर घेतला आणि आठवीत त्यालाच पाडलं. अली ६ फूट ३ इंच, टायसन ५ फूट १०. त्या जॅबखालून (पुढच्या हाताच्या सरळ ठोशाखालून) टायसन आत शिरणार कसा? टोकियोत १९९०ला डग्लसने तेच केलं : लांबून जॅब, जवळ आला की मिठी. दहाव्या फेरीत टायसन गुडघ्यांवर, माउथगार्ड शोधत. अलीही दहावीतच संपवेल.

लोकोशेड भुसावळ :
भो, प्रशिक्षक रूनीला काढल्यावरचा टायसन धरू नका. आणि फ्रेझर किती उंच होता? टायसनपेक्षा जेमतेम इंचभर. त्याने १९७१ला पंधराव्या फेरीत डाव्या हूकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने) अलीला खाली बसवलं. फ्रेझरला तापायला वेळ लागायचा, टायसन घंटेबरोबर सुटतो. अलीला सहावी फेरी दिसणार नाही.

गिरणाकाठ :
तो अली साडेतीन वर्षं बंदी भोगून आलेला. मी विल्यम्सला तिसऱ्या फेरीत संपवणारा, १९६६चा म्हणतोय. शीर्षक तरी वाचा.

पारोळ्याचा भाचा :
मिठीवर कोणीच का बोलत नाही? १९७४ला फ्रेझरशी दुसऱ्या लढतीत अलीने मान धरधरून वेळ काढला, पंच बघत राहिला. आमच्याकडे यात्रेच्या कुस्ती-दंगलीत हेच चालतं. माझे मामा वर बसलेले, खालचा पोटावर पालथा पडून राहिला. पंचांनी बरोबरी सांगून इनाम अर्धं-अर्धं वाटलं. मामांनी त्यानंतर लंगोट बांधला नाही. धरून ठेवणं ही कला नाही, पळवाट आहे.

चोपडेकर :
तग धरणं हाही डावच. चितपट करता आलं नाही तर दोष वरच्याचा. मामांना खालच्याला उलटवायचा घिस्सा डाव येत नव्हता का?

पारोळ्याचा भाचा :
मामांवर जायचं काम नाही! खालचा इनाम देणाऱ्याच्या गावचा होता, म्हणून त्याला कोणी उठवलं नाही. तुम्ही मातीत उतरलात कधी?

चोपडेकर :
उतरलोय. कुस्तीत चुरगळलेले माझे कान बघा येऊन. तुमच्या म्हणण्याप्रमाणे गुण लावले तर यात्रेत कुस्ती बघायला कुत्रं फिरकणार नाही. लोकांना पाठ मातीला लागलेली बघायची असते.

पारोळ्याचा भाचा :
गुण लावा असं मी कुठे म्हटलं? पंच बाहेरगावचा आणा, एवढंच मागणं आहे. इतकी वर्षं तेवढंही होत नाही.

लोकोशेड भुसावळ :
अहो, धागा अली-टायसनचा आहे. पण पंचाचं खरं आहे. १९८७ला बोनक्रशर स्मिथने १२ फेऱ्या नुसतं धरून काढल्या आणि टायसनला तो पाडता आला नाही, हे नाइलाजाने मानतो. पंचाने मिठी सोडवली तरच टायसन.

गिरणाकाठ :
स्मिथ पडला नाही, मग अली कसा पडेल? पहिल्या तीन फेऱ्यांत एकदा खाली बसेल, एवढं देतो. कूपरनेही १९६३ला बसवलं होतं. तेव्हाही उठून जिंकलाच.

पारोळ्याचा भाचा :
आधी पंच कोण ते ठरवा. मान धरली की गुण कापणारा असेल तर मी टायसनकडून. नाहीतर अली जिंकेल, पण त्याला मी जिंकणं म्हणणार नाही.