करडांच्या वजनाची आनुवंशिकता ०.७१ कशी येते? मदत हवी आहे

औंधकर: शिरूर तालुक्यातील उस्मानाबादी शेळ्यांच्या कळपाच्या नोंदींवरून करडांच्या तीन महिन्यांच्या वजनाची आनुवंशिकता (वजनातल्या फरकांपैकी जनुकांमुळे येणारा वाटा) काढत आहे. ॲनिमल मॉडेलमध्ये (वंशावळीतील नात्यांवरून प्रत्येक जनावराचा जनुकीय वाटा काढणारे मॉडेल) लिंग आणि वर्ष घेऊनही उत्तर ०.७१ येते व मार्गदर्शक ते मान्य करत नाहीत. प्रबंधाचे प्रकरण याच आठवड्यात द्यायचे असल्याने काय बदलावे तेवढेच सांगावे.

रेमलप्रेमी: आईचा परिणाम घेतला आहे का? एकेरी आणि जुळी करडे वेगळी धरली आहेत का? या वयातील वजनात आईच्या दुधाचा वाटा मोठा असतो. तो वेगळा काढला नाही, तर एकाच शेळीच्या करडांमधले सारखेपण जनुकांच्या खात्यावर जमा होते.

बेझभक्त: मुळात रेमल (REML, अशा मॉडेलमधील आकडे काढण्याची नेहमीची पद्धत) सोडून बेझियन पद्धत (आधीचा अंदाज धरून संगणकावर नमुन्यांची लांब साखळी चालवणारी) वापरावी, म्हणजे अनिश्चितता सरळ दिसते.

रेमलप्रेमी: मॉडेलमधून आईच गायब असेल, तर साखळी कितीही लांब चालवली तरी ती परत येणार नाही.

माणदेशी: वजनाऐवजी जुळ्यांवर भर द्यावा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोल मेंढीतील, जुळ्यांचे प्रमाण वाढवणारे फेक-बी जनुक दख्खनी मेंढीत आणले, हे उदाहरण पाहावे.

वंशवेल: ते एकाच मोठ्या जनुकाचे काम आहे, तेही मेंढ्यांतले, येथे प्रश्न अनेक जनुकांच्या बेरजेचा आहे. औंधकर, सगळ्या करडांचे बाप माहीत आहेत का?

औंधकर: नाहीत. चराईला कळप एकत्र जातात, त्यामुळे बापाचा रकाना बऱ्याच ठिकाणी रिकामा आहे. हे विचारात घ्यावे लागते का?

वंशवेल: अर्थातच! रिकाम्या रकान्यातला बाप कोणाशीही नाते नसलेला धरला जातो, म्हणून एकाच बोकडाची करडे कागदावर परकी ठरतात. संभाव्य बोकड ठाऊक असतील, तर प्रत्येकाला संभाव्यता देऊन सरासरी नाते-मॅट्रिक्स (कोणाचे कोणाशी किती नाते, याचा तक्ता) मांडता येते. पशुप्रजनन-संख्याशास्त्रज्ञ हेंडरसन यांनी १९८८ मध्ये ही रीत दिली. शिवाय बोकड स्वतःच्या मुलीवर लागला, तर करडाचा अंतःप्रजनन गुणांक (आईबाप नात्यातले असण्याचे माप) किमान ०.२५ होतो, नाते-मॅट्रिक्सचा व्यस्त (गणितातील उलटा) बनवताना तो वगळू नये.

औंधकर: जन्मप्रकार आणि आईचा जनुकीय परिणाम घातल्यावर आनुवंशिकता ०.३४ वर आली, परंतु थेट (करडाच्या स्वतःच्या जनुकांचा) आणि मातृक (आईच्या जनुकांचा) परिणामांतील सहसंबंध उणे ०.९ दिसतो.

रेमलप्रेमी: आयांची स्वतःची लहानपणीची वजने नोंदीत नसतील, तर हे दोन परिणाम नीट सुटे होत नाहीत. तो सहसंबंध काढून फक्त आईचा कायमस्वरूपी पर्यावरणीय परिणाम (तिच्या सगळ्या करडांवर होणारा, जनुकांबाहेरचा) ठेवावा आणि दोन्ही मॉडेलांचे आकडे प्रकरणात शेजारी द्यावेत.

बेझभक्त: प्रायर (बेझियन पद्धतीतील आधीचा अंदाज) कोणता घेतला, तेही लिहावे.

औंधकर: प्रायर घेतलेलाच नाही, रेमलच चालवले आहे.