जर्मन ‘पुमा’च्या टरेटमध्ये माणूस का बसत नाही?

पांदणरस्ता (आर्वी तालुका, जि. वर्धा)

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात सैन्यभरतीची तयारी करणारी काही मुले रविवारी जमतात आणि त्यांच्याशी मी लष्करी विषयांवर बोलत असतो. मागच्या बैठकीत पायदळाच्या चिलखती लढाऊ वाहनांचा विषय निघाला. आपल्या सैन्यातले ‘सारथ’ मुलांना ठाऊक होते. जर्मन सैन्याच्या ‘पुमा’चे चित्र दाखवल्यावर मात्र एका मुलाने विचारले की, वरच्या टरेटमध्ये (तोफ बसवलेल्या फिरत्या घुमटात) कोणीच बसत नसेल तर तोफ कोण चालवतो, आणि माणूस तिथून काढण्याची गरज काय पडली? त्याला मोघम उत्तर देण्यापेक्षा जाणकारांकडून नीट समजून घ्यावे, म्हणून येथे लिहितो आहे.

माझे आणखी दोन प्रश्न आहेत. हे वाहन पूर्ण चिलखतासह सुमारे ४३ टनांचे होते असे वाचले. आमच्याकडची काळी जमीन मृगाच्या दोन सरी पडल्या की रिकामी ट्रॉलीसुद्धा धरून ठेवते. अशा मातीत एवढे वजन चालू शकेल काय? दुसरे असे की, एवढ्या मोठ्या वाहनातून केवळ सहाच सैनिक का नेतात?

निवृत्त_गनर (हिंगणघाट)

भाऊ, मी यांत्रिकी पायदळात सारथवर गनर (तोफ चालवणारा) होतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिथूनच सुरू करतो. सारथ म्हणजे मूळ सोव्हिएत बीएमपी-२. त्याच्या टरेटमध्ये कमांडर आणि गनर शेजारीशेजारी बसतात आणि त्यांच्या पायांखाली, टरेटच्या तळाशी, ३० मिलिमीटर तोफेचे राउंड (गोळे) पट्ट्यांत रचलेले असतात. मागच्या भागात जवान एकमेकांकडे पाठ करून बसतात, आणि त्या दोन बाकांच्या मधोमध डिझेलची टाकी असते. मागच्या दारांच्या पोकळीतही इंधन भरता येते. वजन १४ टनांच्या आसपास ठेवून नदी पोहून जाणारे वाहन हवे असेल, तर जागा अशीच वाचवावी लागते. त्या काळाच्या गरजेप्रमाणे ती रचना योग्यच होती आणि त्या वाहनावर माझा आजही जीव आहे. पण चिलखत भेदून काही आत शिरले, तर माणूस, दारूगोळा आणि इंधन तिन्ही एकाच पोकळीत सापडतात, हे आत बसणारा प्रत्येक जण जाणून असतो.

पुमाच्या रचनाकारांनी नेमकी हीच गाठ सोडवली आहे. चालक, गनर, कमांडर आणि मागचे सहा सैनिक असे सर्व नऊ जण वाहनाच्या मुख्य कायेत, एकाच संरक्षित कप्प्यात बसतात. टरेटमध्ये तोफ, तिचा दारूगोळा, दुर्बिणी आणि संवेदक एवढेच राहतात आणि गनर खालून पडद्यावर पाहून तोफ चालवतो. इंधनाचा बहुतेक साठाही माणसांच्या कप्प्याबाहेर ठेवलेला आहे. टरेटवर मारा झाला तर तोफ निकामी होईल, परंतु खाली बसलेली माणसे वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. आसने जमिनीवर घट्ट बसवलेली नसून तळापासून अलग टांगलेली आहेत, कारण खाली सुरुंग फुटला की तळाची पोलादी पाटी वर उसळते आणि तिला टेकलेल्या माणसाचा मणका मोडतो. साधारण १० किलो स्फोटकाच्या सुरुंगापासून संरक्षण मिळावे, असा या रचनेचा हिशेब आहे.

दुसरे कारण वजनाचे आहे. दोन माणसे सुखरूप बसतील असे टरेट करायचे म्हटले की त्याचा घेर वाढतो आणि त्या सगळ्या घेराला जाड चिलखत द्यावे लागते. माणसे खाली घेतली की टरेट लहान होते आणि वाचलेले वजन जिथे माणसे आहेत तिथल्या चिलखतासाठी वापरता येते. पुमा ए-४००एम या मालवाहू विमानातून नेता यावे अशी मूळ अट होती, म्हणून विमानप्रवासासाठी त्याचे वजन सुमारे ३१.५ टनांवर ठेवले आणि अतिरिक्त चिलखताचे पत्रे वेगळे केले. तीन विमानांतून तीन वाहने आणि चौथ्या विमानातून त्या तिघांचे जादा चिलखत, अशी ती कल्पना होती. मुक्कामी पोहोचल्यावर बाजूंना आणि टरेटवर हे पत्रे चढवले की वजन तुम्ही म्हणता त्या आकड्यापर्यंत जाते.

आता तोफेविषयी, कारण तो माझा विषय आहे. पुमाची एमके ३०-२ ही तोफ मिनिटाला सुमारे २०० राउंड या वेगाने मारा करते आणि तिला दोन प्रकारचा दारूगोळा एकाच वेळी जोडलेला असतो. गनर बटणाने प्रकार बदलतो. एक राउंड चिलखत भेदणारा आहे. दुसरा हवेत फुटणारा आहे आणि त्याची करामत पाहण्यासारखी आहे: तोफेच्या तोंडाशी बसवलेल्या वेटोळ्यांतून तो जाताना त्याचा खरा वेग मोजला जातो आणि किती वेळाने फुटायचे, ती आज्ञा त्याच क्षणी त्याच्या फ्यूजमध्ये (स्फोट घडवणाऱ्या कळीत) भरली जाते. लक्ष्याच्या थोडे अलीकडे तो फुटतो आणि टंग्स्टनचे बारीक तुकडे शंकूच्या आकारात पुढे जातात. बांधाआड किंवा भिंतीमागे दबा धरलेल्या शत्रूवर सरळ मारा करणारी तोफ एरवी निरुपयोगी ठरते. हा राउंड तिथे उपयोगी पडतो. याखेरीज टरेटच्या बाजूला स्पाइक क्षेपणास्त्रांचा दुहेरी लाँचर बसवतात, आणि शत्रूचे रणगाडाभेदी क्षेपणास्त्र येताना ओळखून त्याला अवरक्त किरणांनी भुलवणारी ‘मुस’ नावाची यंत्रणाही त्यावर आहे.

तरीही एक गोष्ट मुलांना अवश्य सांगा. टरेटच्या झाकणातून डोके बाहेर काढून चहूकडे एक नजर टाकली की कमांडरला जे कळते, ते पडद्यावर तसेच्या तसे कळत नाही. पुमाच्या कमांडरकडे चौफेर फिरणारी स्वतंत्र दुर्बीण आहे, कायेवर झाकणही आहे, पण तिथून डोके काढले तर शेजारी टरेटची भिंत आडवी येते. शिवाय तोफेत राउंड अडकला, तर माझ्यासारख्या गनरचा हात तिथे सहज पोहोचत नाही. कॅमेरे, तारा आणि संगणक चालू राहणे ही या वाहनात जगण्याचीच अट आहे.

हार्वेस्टरमिस्त्री (लाखनी, जि. भंडारा)

दादा, मातीच्या प्रश्नावर मी लिहितो. आमच्याकडे धानाच्या बांध्यांत चेनवाले हार्वेस्टर चालतात आणि त्यांची चेन, रोलर आणि स्प्रॉकेट (चेन फिरवणारे दातेरी चाक) दुरुस्त करणे हेच माझे काम आहे. जमिनीत रुतणे हे एकूण वजनावर ठरत नाही, ते वजन किती क्षेत्रावर पसरले आहे यावर ठरते. त्यामुळे चाकांची भरलेली ट्रॉली ज्या जागी रुतते, तिथून तिच्याहून जड असे पट्ट्यांचे (चेनवर चालणारे) वाहन निघून जाऊ शकते. पुमाच्या सुरुवातीच्या नमुन्यात प्रत्येक बाजूला पाच चाके होती. पुढे उत्पादनात आलेल्या वाहनाला सहावे चाक देण्यात आले. वाढत्या वजनाला ते आवश्यक होते असे मला वाटते, कारण चाके कमी असली की पट्ट्याचा चाकाखालचा तेवढाच भाग जास्त दाबला जातो.

मात्र काळ्या मातीचा खरा त्रास दाबाच्या पलीकडचा आहे. दिवाळीच्या सुमारास अवकाळी पाऊस झाला की मशीन बांधीत उतरते आणि चिकट चिखल स्प्रॉकेटच्या दातांत व रोलरच्या फटींत ठासून बसतो. तो बाहेर पडत नाही, चेनवरचा ताण वाढत जातो आणि वळण घेताना चेन उतरते. मग गुडघाभर चिखलात पहारीने एकेक ढेकूळ काढावे लागते. कोणत्याही पट्ट्याच्या वाहनाला ही माती अशीच वागवणार, मग ते जर्मनीचे असो की आपले. तिसरी अडचण पुलांची आहे. पांदणीवरच्या नाल्याची मोरी ४३ टनांसाठी बांधलेली नसते; आणि सारथ पोहून नाला ओलांडू शकते, तसे पुमाला करता येत नाही.

यंत्र म्हणून मात्र पुमा मला फार आवडते. त्याचे एमटीयू कंपनीचे दहा सिलिंडरचे डिझेल इंजिन केवळ ११ लिटरच्या आसपास क्षमतेचे आहे आणि ८०० किलोवॉट, म्हणजे जवळजवळ १,०९० अश्वशक्ती देते. त्याआधीच्या ‘मार्डर’ या जर्मन वाहनाचे इंजिन ६०० अश्वशक्तीचे होते. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये १७० किलोवॉटचा स्टार्टर-जनरेटर बसवला आहे. तोच इंजिन सुरू करतो आणि तोच कूलिंगच्या पंख्यांना व सर्व विद्युत यंत्रणांना वीज पुरवतो. पंखा बेल्टने न फिरवता विजेने फिरवला की तो इंजिनाजवळच ठेवण्याचे बंधन राहत नाही, आणि अपुऱ्या जागेत काम करणाऱ्या माणसाला ही मोकळीक किती मोलाची आहे ते कळते. चाकांना पोलादी टॉर्शन बारऐवजी (पीळ घेऊन धक्के सोसणाऱ्या दांड्यांऐवजी) वायू आणि तेलावर चालणारे सस्पेन्शन आहे. चाकांचा सगळा सांगाडा कायेला थेट न जोडता लवचीक सांध्यांनी जोडला आहे, त्यामुळे पट्ट्याची खडखड आणि कंप माणसांपर्यंत कमी पोहोचतो. दिवसभर चेनच्या मशीनवर बसणाऱ्या चालकाच्या कमरेची काय अवस्था होते ते मी रोज पाहतो, म्हणून ही गोष्ट मला तोफेइतकीच महत्त्वाची वाटते.

पांदणरस्ता

काकाजी, मिस्त्रीभाऊ, आपण दोघांनी वेळ काढून एवढे सविस्तर लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. एक शंका राहते. काही वर्षांपूर्वी सरावात एकाच वेळी सगळी पुमा वाहने बंद पडल्याची बातमी आली होती. ती खरी असेल, तर हा दोष मनुष्यरहित टरेटचा मानायचा काय? आणि सहा सैनिकांचा प्रश्नही तसाच आहे.

रणसामग्री_अभ्यासक (वणी, जि. यवतमाळ)

बातमी खरी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नाटोच्या शीघ्र प्रतिसाद दलात सामील होण्यापूर्वीच्या सरावात १८ पैकी १८ पुमा निकामी झाली. जर्मन संरक्षणमंत्र्यांनी पुढील खरेदी थांबवली आणि जानेवारी २०२३ पासूनच्या नाटो जबाबदारीसाठी जुनी मार्डर वाहने पाठवण्यात आली. मार्डर १९७१ पासून सेवेत आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या निर्णयाची बोच कळते. पुढे तपासणी झाली तेव्हा बहुतेक बिघाड किरकोळ निघाले आणि बरीचशी वाहने थोड्याच दिवसांत दुरुस्त झाली. एका वाहनात मात्र तारांना आग लागली होती. त्यामुळे मूळ कल्पनाच चुकीची होती असे म्हणणे मला पटत नाही. सरावाच्या मैदानावर सुटे भाग, प्रशिक्षित कारागीर आणि वेळेवर देखभाल यांपैकी काहीही कमी पडले, तर एवढे गुंतागुंतीचे वाहन साध्या वाहनापेक्षा लवकर बंद पडते. जर्मनीने २००९ मध्ये ४०५ पुमांची मागणी नोंदवली होती, ती नंतर ३५० वर आणली. आणि २०२२ च्या त्या प्रकरणानंतरही २०२३ मध्ये आणखी ५० वाहनांची मागणी दिली. विश्वास पूर्ण उडाला असता, तर हे घडले नसते.

सहा सैनिकांबाबत सांगायचे तर मार्डरमध्येही सहाच बसत, म्हणजे जर्मन पायदळाची तुकडी त्या संख्येला सरावलेली होती. प्रत्येक वाढीव आसनासाठी चिलखती कप्पा लांबवावा लागतो, आणि विमानाच्या वजनमर्यादेत ती लांबी परवडत नव्हती. माझ्या मते पुमाची सर्वांत मोठी उणीव इथेच आहे: वाहनातून उतरून गाव किंवा झाडी धुंडाळायची वेळ आली, तर सहा माणसे फार थोडी पडतात, आणि त्यातला एक जखमी झाला की त्याला उचलण्यात आणखी दोघे गुंततात.

तुलनेसाठी मुलांना ‘लिंक्स केएफ-४१’ हे पायदळाचे चिलखती वाहन दाखवा. पुमा घडवणाऱ्या दोन कंपन्यांपैकी राइनमेटालनेच ते तयार केले आहे. विमानाची ती अट त्यावर नव्हती, म्हणून त्यात आठ सैनिक बसू शकतात. हंगेरीने २०२० मध्ये लिंक्स मालिकेतील २१८ वाहनांची मागणी दिली आणि तिच्या लढाऊ आवृत्तीसाठी कमांडर व गनर आत बसतील असेच टरेट पसंत केले.