मराठी दिनाला बागुलांची कथा वाचू की नको?

कोपरखैरणेकर:
आमच्या सोसायटीत २७ फेब्रुवारीला मराठी दिन असतो. फेटे, लेझीम, कांदाभजी, मग दोघंतिघं काहीबाही वाचतात. अभिजात दर्जा मिळाल्यापासून उत्साह जरा जास्तच. यंदा वाचायची पाळी माझी. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' निवडली. सेक्रेटरी म्हणाले, "छानच आहे हो, पण लोक पोरंबाळं घेऊन येतात. राजकारण नको, हलकंफुलकं बघा." १९६३ च्या संग्रहातली कथा! रेल्वेत नोकरी लागलेला माणूस भाड्याच्या खोलीसाठी जात लपवतो, यात राजकारण कुठलं?

खरं सांगायचं तर मला ती कथा पुस्तकाच्या कपाटापाशी आठवलीच नव्हती. गेल्या महिन्यात बी विंगचं चेंबर तुंबलं. ठेकेदाराने एक पोरगा पाठवला. कमरेला दोरी, तोंडाला रुमाल, बस्स. मी गॅलरीत चहा पीत बघत होतो. साधनांशिवाय माणूस गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, हे मला ठाऊक होतं. तरी गप्प बसलो. तो वर आल्यावर त्याला पाणी दिलं तेही ओंजळीत, वरून ओतून. तेव्हा बागूल आठवले.

तर वाचू का? की आधी चेंबरचं बोलू?

घणसोलीची बाई:
दादा, वाचाच. पण आधी तो चहाचा कप सांगा. नुसती कथा वाचलीत तर टाळ्या वाजवून सगळे भज्यांकडे पळतील. नववीच्या वर्गातला माझा अनुभव आहे, पोरं गोष्टीतल्या माणसासाठी डोळे पुसतात आणि मधल्या सुट्टीत आपापला डबा घेऊन वेगळी बसतात.

ऐरोली_जुना_खजिनदार:
स्पष्ट बोलतो, रागावू नका. कथेने चेंबर साफ होत नाही. मशीनची गाडी मागवली की बिल वाढतं आणि मेंटेनन्स शंभर रुपयांनी वाढला की हेच फेटेवाले सभेत बोंबलतात. आधी ठराव आणा, माणूस उतरणार नाही म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारात मृत्यू झाल्यास ३० लाख भरपाई सांगितली आहे. कमिटीला बागुलांपेक्षा हा आकडा लवकर कळेल.

गाववाला_आगरी:
भाऊ, तुमी वाचा. पण एक सांगतो. ही सेक्टरं आमच्या शेतांवर उभी हायेत. नवी मुंबई वसवायला सिडको १९७० ला आली. १९८४ ला जमिनीच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात ५ माणसं गेली, तवा घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत द्यायची गोष्ट पुढं सरकली. मराठी दिनाला ते कोण वाचतं? आमची बोली तर नाटकात हसायलाच लागते.

कोपरखैरणेकर:
@गाववाला_आगरी, खरं आहे. पुढच्या वर्षी माईक तुम्ही घ्या, मी भजी वाढतो.

खजिनदार, ठराव लिहून दिला. माझे वडील मशीद बंदरला, मग वाशी मार्केटला माथाडी होते. १९६९ चा कायदा त्यांच्यापर्यंत पोचला, कारण मागे युनियन होती, बोर्ड होतं. त्यांच्या पीएफमधूनच आमचं घर झालं. या पोराच्या मागे कोण आहे ते बघावं म्हणून काल ठेकेदाराला फोन करून त्याचं नाव विचारलं.

तो म्हणाला, "का? काही चोरीला गेलं का?"