नववीतल्या मारकुट्या पोराला दाखला द्यायचा की दुसरं काही?

धागाकर्ता:
शिक्षण हक्क कायद्यामुळे आठवीपर्यंत कुणाला शाळेतून काढता येत नाही. म्हणून हाणामारी करणाऱ्या पोराचा हिशोब नववीत चुकता होतो. आधी पालकांना बोलावणं, मग हमीपत्र, पुन्हा भानगड झाली की दाखला हातात. त्याआधी वर्षभर त्याच्याशी बोलणारा माणूस शाळेत हवा, असं माझं मत.

शिकागोच्या शाळांत 'बिकमिंग अ मॅन' हा उपक्रम चालतो. सुरुवातीलाच पोरांच्या जोड्या लावतात. एकाच्या मुठीत चेंडू, दुसऱ्याने तो 30 सेकंदांत मिळवायचा. पोरं मनगटं पिरगाळतात, ओरबाडतात, जमिनीवर लोळतात. मग समुपदेशक विचारतो, नुसता मागितला का नाहीस? चेंडूवाला म्हणतो, मागितला असता तर दिलाही असता! शिकागो विद्यापीठाच्या अभ्यासात, उपक्रम चालू असताना या मुलांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका 45 ते 50 टक्क्यांनी घटल्या.

फटकळ:
आमच्या वेळी छडी होती, असले चेंडू लागत नव्हते.

धागाकर्ता:
छडी खाऊन आपण एवढंच शिकलो की मास्तर नसताना मारायचं. बाकी छडीला आता कायद्याने बंदी आहे.

आकडेमोड्या:
'चालू असताना' हे शब्द हळूच सरकवलेत. उपक्रम संपल्यावर अटकांमधला तो फरक टिकला नाही, हेही त्याच अभ्यासात आहे.

धागाकर्ता:
बरोबर. पण त्या मुलांचं शाळा पूर्ण करण्याचं प्रमाण वाढलं, तेही तिथेच आहे.

गणितमास्तर:
असहमत. वर्गात साठ पोरं, वर बीएलओचं म्हणजे मतदारयाद्यांचं काम, माहिती भरण्याची पोर्टलं. हा 'बोलणारा माणूस' शेवटी कोण होणार ते मला माहीत आहे. दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि नोंदवही माझ्याच गळ्यात पडेल.

धागाकर्ता:
सर, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. गोव्याच्या 'संगाथ' संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात, सरकारी माध्यमिक शाळांत 'सेहेर' उपक्रम राबवला. भित्तीपत्रक, तक्रारपेटी, गटचर्चा, गरज असेल त्याच्याशी एकट्याशी बोलणं. काही शाळांत हे काम शिक्षकांकडे होतं, काहींत बाहेरून नेमलेल्या, थोडं प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसाकडे. 2018 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. बाहेरचा माणूस होता तिथे दादागिरी आणि मारामारी कमी झाली. शिक्षकांकडे काम होतं तिथे फरक पडला नाही. पुढे दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस बाहेरचा माणूस असलेल्या शाळांतला परिणाम आणखी वाढलेला दिसला.

गणितमास्तर:
मग त्याचा पगार कोण देणार तेही लिहा. आमच्याकडे चित्रकलेची जागा रिकामी आहे, ती भरत नाहीत.

नववीची आई:
मी पलीकडच्या बाजूची. माझ्या मुलाचा चष्मा फोडला, भुवईला तीन टाके पडले. ज्याने मारलं त्याला समुपदेशन, चेंडू, मित्र. ज्याने मार खाल्ला त्याला काय? "तूही काहीतरी बोलला असशील."

धागाकर्ता:
ताई, राग रास्त आहे. पण दाखला दिला की तो पोरगा दुपारी शाळेच्या गेटबाहेरच उभा राहतो.

नववीची आई:
दाखला द्या असं मी म्हटलंच नाही. बोलायला माणूस ठेवा, खुशाल ठेवा. पण आधी तुकडी त्याची बदला. इथे शाळेने माझ्याच मुलाला 'ब'मधून 'क'मध्ये हलवलंय, "तुमच्याच सोयीसाठी" म्हणून.