घरी बांधायच्या आरव्ही-७ किट-विमानाच्या स्किनवर (बाहेरच्या पत्र्यावर) चंद्रकोर उमटली, काय करू?

आडवा_वारा, ओहायो: हॉरिझाँटल स्टॅबिलायझर (शेपटीचा आडवा पंख) रिव्हेट करताना गन तिरकी झाली, फ्लश सेटची (गनच्या टोकाला लावायच्या सपाट ठोक्याची) कड ०.०३२ इंची स्किनवर उमटली. रिव्हेट मस्त बसलाय पण शेजारी चंद्रकोर, नखाला जेमतेम लागते. स्किन बदलू का? बायको म्हणते रंगाखाली जाईल, सोड.

रिव्हेटवाला: वहिनी बरोबर आहेत, पण आधी भिंगातून बघ चीर गेलीय का, चीर असेल तर विषय वेगळा, किटवाल्यांना फोटो पाठव. नुसता ओरखडा असेल तर ४०० आणि मग ६०० चा ओला पॉलिश पेपर हलक्या हाताने, धारदार कड उरता कामा नये कारण तडा तिथूनच सुरू होतो. आणि चांगला बसलेला रिव्हेट ड्रिल करून काढू नकोस, भोक मोठं होऊन बसेल.

जुना_मेकॅनिक: एक राहिलं. अल्क्लॅडचा, म्हणजे या मिश्रधातूच्या पत्र्याचा, वरचा गंज रोखणारा शुद्ध ॲल्युमिनियमचा थर या जाडीत एका बाजूला साधारण ५ टक्केच, म्हणजे इंचाचे दीड-दोन हजारांश, घासलंस की गेलाच, तेवढ्या जागी प्राइमर मार. स्टील वूल अजिबात नको, लोखंडाचे कण रुततात नि गंज धरतो.

आडवा_वारा: भिंगाने बघितलं, चीर नाही. उद्या घासतो 🙏