व्हीएमने (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा) घेतलेली रॅम होस्टला (मूळ मशीनला) परत कशी मिळवायची?

होमलॅबवाला: प्रॉक्समॉक्सवर (व्हीएम चालवायची सिस्टीम) ३२ जीबी रॅम आहे, एका उबुंटू व्हीएमला १२ दिलेत, आत बघितलं तर वापर जेमतेम ३ पण होस्टवर पूर्ण १२ अडकलेले दिसतात, बलूनिंग (व्हीएमकडून रॅम परत घ्यायची सोय) तर चालू आहे मग परत का येत नाही?

कर्नलप्रेमी: आत 'बफ/कॅश' किती दाखवतंय ते बघ आधी. लिनक्स रिकामी रॅम फाइल कॅशला वापरतं आणि होस्टला ती भरलेलीच दिसते. आणि प्रॉक्समॉक्सचं ऑटो बलूनिंग होस्टची रॅम साधारण ८०% भरल्यावरच सुरू होतं, शिवाय मिनिमम मेमरी १२ च ठेवली असशील तर काहीच कापणार नाही, ती ४ कर.

रात्रपाळी: बलूनपेक्षा फ्री पेज रिपोर्टिंग भारी आहे, गेस्टमध्ये (म्हणजे व्हीएममध्ये) लिनक्स कर्नल ५.७ आणि होस्टवर क्यूएमू (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) ५.१ पासून पुढे मिळतं, रॅमची रिकामी पानं (छोटे तुकडे) गेस्ट स्वतःच होस्टला कळवतो. पण कॅश म्हणजे रिकामं नाही हं, ती सुटल्याशिवाय काही परत येत नाही.

कर्नलप्रेमी: बरोबर. आणि जीपीयू पासथ्रू (ग्राफिक्स कार्ड थेट व्हीएमला देणं) असेल तर विसर, तिथे सगळी रॅम पिन होते, म्हणजे व्हीएमकडेच अडकून राहते.

होमलॅबवाला: पासथ्रू नाहीये. मिनिमम ४ करून बघतो, डेटाबेस आहे आत, तो स्वॅपमध्ये (रॅमऐवजी डिस्कवर) जायला नको एवढंच.

रात्रपाळी: मग ६ ठेव.